वरचं एक

गणिताच्या मास्तरला वर्षातून एकदा तरी आपण जादूगार असल्याचा भास होतो. मला तो दर जूनमध्ये होतो आणि साधारण जुलैपर्यंत उतरतो.

मी राहतो अमरावतीला. शाळा मूर्तिजापूरच्या आत, एका खेड्यात. सकाळची गाडी, बडनेऱ्याला बदल, मूर्तिजापूरला उतरून स्टेशनबाहेर ठेवलेली स्कूटर, आणि मग काळ्या मातीचा रस्ता. असं माझं अप-डाउन बरीच वर्षं चाललंय. शाळा सातवीपर्यंतच आहे. आठवीसाठी मुलांना मूर्तिजापूर गाठावं लागतं, म्हणजे मी ज्या रस्त्यानं येतो त्याच रस्त्यानं उलट जावं लागतं. काही मुलं जातात. काही जात नाहीत. जी जात नाहीत त्यांची कारणं विचारली की घरातले वेगवेगळी सांगतात, आणि मुलं एकच सांगतात. गणित.

म्हणून सातवीतली समीकरणं मी फार मनावर घेतली होती. आणि माझ्या बाबतीत एखादी गोष्ट मनावर घेतली की ती बिघडते, हे आमच्या घरात सर्वमान्य आहे.

दिवाळीनंतर समीकरणं आली. पहिला तास मी पुस्तकाप्रमाणे घेतला. फळ्यावर मोठा x काढला आणि म्हणालो, "समजा, एका वस्तूची संख्या x मानू."

"सर, कोनती वस्तू?" पहिल्या बाकावरून आलं.

"कोणतीही."

"कोनतीही म्हनजे?"

"म्हणजे किती आहेत ते आपल्याला माहीत नाही."

"मंग मानता कावून? ज्याच्या हायेत त्याले इचारा ना."

का मानायचं ते न सांगता मी फळ्यावरचा x जरा ठळक केला.

दुसऱ्या दिवशी मी जादू आणली. मनात एक संख्या धरा, दुप्पट करा, दहा मिळवा, निम्मे करा, मूळ संख्या वजा करा. कुठलीही संख्या धरली तरी उत्तर पाचच येणार. मी डोळे मिटले, कपाळाला दोन बोटं लावली, थोडा वेळ घेतला आणि गंभीर आवाजात म्हणालो, "पाच."

मुलं एकमेकांकडे बघायला लागली. मला वाटलं, थक्क झाले. मग एक जण म्हणाला, "माहे नऊ आले." दुसरा म्हणाला, "माहे साडेतीन." एकीचे वजा काहीतरी आले होते, आणि या जादूत वजा येण्याची सोयच नव्हती. अर्ध्या वर्गाची निम्मे करताना गडबड झाली होती. मी कपाळावरची बोटं हळूच खाली घेतली. मागच्या बाकावरच्या एका सज्जन मुलानं मला धीर दिला, "होते सर असं. आमचंबी चुकते."

त्या रविवारी आम्ही अकोल्याला होतो. माझी सासुरवाडी तिथली. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं, ते आता बंद झालंय. पण माळ्यावर पितळेचा तराजू अजून आहे, साखळ्यांचा, दोन पारड्यांचा. तो दिसला आणि माझ्या डोक्यात दिवा लागला. समीकरण म्हणजे तराजूच की. दोन्ही पारडी समान, मध्ये काटा सरळ. याहून सोपं काय असणार?

"न्या," बायको म्हणाली. "पण बाबांचा तराजू आहे. तुमच्या जादूत गायब करू नका."

सोमवारी तराजू मांडीवर घेऊन मी गाडीत बसलो. रोजच्या डब्यातले लोक रोजच्यासारखे वागले.

"मास्तर, पगार पुरून नाही राह्यला काय?"

"कांदे कसे दिले?"

"द्या पावभर गणित. पण नीट मोजा, तुमची शाळा बदनाम हाय."

मी हसून घेतलं. मूर्तिजापूर येईपर्यंत पारड्यांचा खळखळाट थांबला नाही आणि त्यांची तोंडंही.

पहिला प्रयोग मी संत्र्यांवर केला. आपल्या भागात गणित शिकवायचं तर संत्र्यानंच शिकवायचं, असा एक अभिमान मला त्या दिवशी चढला होता. वरूडकडची संत्री आणली. एका पारड्यात पिशवी, पिशवीत लपवलेली संत्री, शेजारी तीन सुटी; दुसऱ्या पारड्यात दहा. पिशवीत सात. तेव्हा काटा सरळ यायला हवा. तो आला नाही. मी संत्री बदलून पाहिली. काटा दुसऱ्या बाजूला गेला. पुन्हा बदलली. वर्ग तल्लीन होऊन माझी फजिती पाहत होता.

खिडकीपाशी बसणारी एक मुलगी शेवटी म्हणाली, "सर, संत्रं संत्र्यासारखं नसते."

खरंच होतं. एक मूठभर, एक लिंबाएवढं. मी "बरं, आज एवढंच" म्हणालो आणि समीकरण वर्गात वाटून टाकलं. सालांसकट पाच मिनिटांत संपलं. गणिताचा तास मुलांना एवढा कधीच आवडला नव्हता.

मग गोट्या आणल्या, सगळ्या एका मापाच्या. बायकोनं जुन्या परकराच्या दोन सारख्या पिशव्या शिवून दिल्या. एक भरायची, दुसरी रिकामी समोरच्या पारड्यात टाकायची, म्हणजे पिशवीचं वजन आपोआप फिटतं. ही युक्तीही तिचीच. मी फक्त वर्गात माझी म्हणून सांगितली.

आणि काय सांगू, चाललं. पिशवी आणि तीन गोट्या इकडे, दहा गोट्या तिकडे, काटा सरळ. "आता पिशवी न उघडता सांगा, आत किती?" इकडच्या तीन उचलल्या की पारडं वर जायचं, मग तिकडच्या तीन उचलायच्या, पुन्हा काटा सरळ. पिशवी एकटी राहिली, समोर सात. पिशवी उघडायची, मोजायचं, सातच निघायच्या. कोण दुकानदार होणार यावरून भांडणं सुरू झाली. जो मुलगा "मानता कावून" म्हणाला होता तोच पिशवीला x म्हणायला लागला. "सर, आज x मंदी किती भरल्या?" त्या आनंदात मी वर्गाला एक मोठा सल्ला दिला. "घाबरायचं नाही," मी म्हणालो. "घरी, बाजारात जसं मोजता, अगदी तसंच मोजा."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरलो होतो.

मग वहीतली उदाहरणं दिली, पुढे चाचणी घेतली. सगळ्यांचे गुण वाढले, एक सोडून. ती खिडकीजवळची मुलगी. तिचं एकही उत्तर बरोबर नव्हतं. आधी तिला बाकीच्यांसारखंच थोडं यायचं, थोडं जायचं. तराजू आल्यापासून सरळ भोपळा. गंमत म्हणजे वर्गात तराजूची खरी माहिती असलेली ती एकटीच. तिच्या वडिलांची मूर्तिजापूरला स्टेशनजवळ फळांची गाडी होती, आणि सुट्टीत ती गाडीवर असायची. पहिल्याच दिवशी तिनं मला सांगितलं होतं, "सर, दांडी मधात धरा, नाईतं घोटाळा होते." मी दांडी मधोमध धरली. घोटाळा झालाच.

फेब्रुवारीत एका संध्याकाळी परतीच्या गाडीला वेळ होता. मी तिच्या वडिलांच्या गाडीवर संत्री घ्यायला थांबलो. माणूस भला, नेहमी दोन शब्द बोलणारा. त्या दिवशी हातातलं काम सोडून माझ्यापाशी आले.

"सर, एक बात इचारू का? पोरगी म्हनते आठवीले नाई जात."

"का?"

"म्हनते, मले गनित येत नाई, तिथं तं गनितच गनित हाय. मी म्हनलं, बेटा, मी सातवी नापास, तुह्यी अम्मी चौथी. घरात एक तं आठवीत जाऊ दे. तं म्हनते, अब्बा, मी गाडीवर बसते." ते थांबले. "आता सर, उन्हाळ्यात एकदा का ती गाडीवर बसली, तं मंग उठत नाई. मले माहीत हाय. मीबी असाच बसलो."

मी गंभीर झालो. गंभीर झालो की मी शिक्षण खात्याच्या परिपत्रकासारखा बोलतो. म्हणालो, "आपण प्रयत्न करतोच आहोत. पण काही मुलांचा कल गणिताकडे नसतो."

"कल?" त्यांनी तो शब्द तोंडात घोळवून पाहिला. "घरी तं तिचं कधी चुकत नाई सर. इथं माहं चुकते, तिचं नाई. तुमच्याकडंच कावून चुकते?"

मी म्हणालो, एक किलो द्या. त्यांनी संत्री तोलायला घेतली. हातातला तराजू, साखळ्यांचा. "बॅटरीचा काटा घेतला होता मागं," ते म्हणाले. "पण गिऱ्हाइकाले झुकलेलं दिसलं पाह्यजे. आकड्यावर त्याचा भरोसा नाई." संत्र्यांचं पारडं खाली गेलं, त्यांनी ते तसंच माझ्या पिशवीत रिकामं केलं, आणि मग ढिगातलं एक चांगलं संत्रं उचलून वर ठेवलं. "हे वरचं."

गाडीत बसल्यावर मी तेच संत्रं आधी सोललं. फार गोड होतं. तिच्या सगळ्या चुकांचं उत्तर त्या माणसानं माझ्या देखत माझ्या पिशवीत टाकलं होतं, आणि मी ते बडनेऱ्यापर्यंत खाऊन संपवलं.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी चिरत होती.

"तुम्ही तिला तराजूपाशी बसवलंत का कधी?" तिनं विचारलं.

"मुलं पुढे येऊन करतात ना. ती मागून वहीत लिहिते."

"मग तुम्हाला काय कळणार? बाबा दुकानात नवा माणूस ठेवला की पहिला दिवसभर नुसता त्याचा हात बघायचे. तुम्ही उत्तर बघता. हात बघा."

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी मुलीला थांबवलं. ती आली, पण चेहरा बंद. टेबलाच्या वर दोरीला तराजू टांगला. पिशवी आणि पाच गोट्या इकडे, बारा तिकडे.

"लिहू नको," मी म्हणालो. "करून दाखव."

तिनं इकडच्या पाच उचलल्या, तिकडच्या पाच उचलल्या. काटा सरळ. पिशवीसमोर सात. माझ्यापेक्षा तिचा हात सफाईदार होता. मी "बरोबर, किती?" असं विचारणार, तेवढ्यात तिनं बाजूच्या ढिगातली एक गोटी उचलली आणि त्या सातांवर अलगद ठेवली. पारडं झुकलं.

"आठ," ती म्हणाली. "झालं."

"झालं कुठं? हे तर झुकलं."

तिनं माझ्याकडे असं पाहिलं जणू मीच नवा नोकर. "झुकलंच पाह्यजे ना सर."

"का?"

"बरोबरीत तोललं तं गिऱ्हाईक काय म्हनंन? कंजूस म्हनंन. वरचं एक टाकाच लागते." आणि मग थोडं रागानं, "तुमीच तं म्हनले, बाजारात मोजता तसंच मोजा."

मी खुर्चीत बसलो. चाचणीतली तिची सगळी उत्तरं डोळ्यांसमोरून गेली. पाचच्या जागी सहा, नऊच्या जागी दहा. प्रत्येक उत्तरावर एकेक गोटी ठेवलेली. पोरीनं सगळी समीकरणं बरोबर सोडवली होती, आणि मग मास्तरनं आपल्याला कंजूस म्हणू नये म्हणून प्रत्येकात एक वरचं टाकलं होतं. मी त्या प्रत्येक वरच्यावर लाल फुली मारली होती.

"मग मी उत्तर चूक आहे म्हटल्यावर तू काही बोलली का नाहीस?"

"मले वाटलं, वरचं एक कमी पडत असंन."

घंटा झाली. मी तिला म्हणालो, हे सगळं वर्गासमोर सांग. ती नको म्हणाली. मग मीच सांगितलं, माझ्या सल्ल्यासकट. वर्ग हसेल असं वाटलं होतं. हसला नाही. उलट दोन तट पडले.

"बरोबर हाय तिचं," एक म्हणाला. "भाजीवाली मावशीबी कोथिंबीर टाकते वरतून."

"काय बरोबर हाय?" तो "मानता कावून"वाला उठला. त्याच्या घरी कापूस. "आमचा कापूस मोजते तवा व्यापारीबी झुकवते. पन तो सोताकडं झुकवते. झुकवाचंच नाई. सरळ पाह्यजे."

"तो चोर हाय," मुलगी म्हणाली. "आमी देतो. घेत नाई."

"देता तुमी एकाले. दुसऱ्याचं काय?"

मी मध्ये पडणार होतो. सुदैवानं पडलो नाही; माझं हे आयुष्यातलं एक मोठं काम. मुलगी तराजूकडे बघत उभी होती. दोन्ही पारडी रिकामी, हलत होती.

"सर," ती हळू म्हणाली, "याच्यात गिऱ्हाईक कोनतं अन् दुकान कोनतं?"

"तूच सांग."

"इकडं पिशवी हाय. तिकडं गोट्या हायेत." तिनं जरा विचार केला. "दोनीबी गिऱ्हाईकच हायेत. दुकान नाईच याच्यात."

"मग?"

"मंग एकाले वरचं टाकलं, तं दुसऱ्यालेबी टाका लागंन. नाईतं भांडन होईन."

तिनं दोन गोट्या उचलल्या. एक इकडे ठेवली, एक तिकडे. काटा क्षणभर डोलला आणि सरळ उभा राहिला. कापूसवाला खाली बसला. त्याला जे पाहिजे होतं ते मिळालं होतं, आणि तिचं वरचं देणंही टिकलं होतं.

पुस्तकात हा नियम एका ओळीत आहे. समीकरणाच्या दोन्ही बाजूंना समान संख्या मिळवली तर समीकरण तसंच राहतं. ती ओळ मी कितीतरी वर्गांना पाठ करून घेतली होती. पाठ करून घेणं मला छान येतं.

त्यानंतरचे आठवडे फार मजेचे गेले, पण सगळं लगेच सुरळीत झालं असं समजू नका. तिचा हात सवयीचा होता. वहीत कधीमधी उत्तरावर एक चढलेला दिसायचा, मग खोडलेला, शेजारी बारीक अक्षरात "दोनीकडं". तिनं इतरांना कोडी घालायला सुरुवात केली: दोन पिशव्या, तीन पिशव्या, दोन्ही पारड्यांत पिशव्या. दोन्हीकडे पिशव्या असलेलं कोडं तिनं मला घातलं आणि मी फळ्यावर ते चुकवलं. मुद्दाम चुकवलं असं मी वर्गाला सांगितलं. कुणीही विश्वास ठेवला नाही.

पण आठवीचं तिनं काहीच सांगितलं नाही. तिचे वडील स्टेशनवर भेटले की नुसते भुवया उंचावून विचारायचे. मीही भुवया खाली घेऊन सांगायचो, अजून नाही.

वार्षिक परीक्षेचा गणिताचा पेपर संपला त्या दिवशी मी तराजू गुंडाळत होतो. बायकोचा धोशा होता, उन्हाळ्यात बाबांचा तराजू अकोल्याला परत. मुलगी दारात आली.

"सर, नेता काय?"

"न्यावा लागतो. घरच्यांचा आहे."

"आठवीत तराजू राह्यते का?"

मला खोटं बोलता आलं असतं. "नाही," मी म्हणालो. "तिथं सगळं कागदावरच. x आणि बरोबरचं चिन्ह. पिशवी नाही, गोट्या नाहीत."

ती उंबऱ्यावर पायानं काहीतरी घासत राहिली. मी एक साखळी सोडवत होतो, जी मीच गुंतवली होती.

"घरी आमच्याकडं हाय तराजू," ती म्हणाली. "अडलं तं त्याच्यावर करून पाह्यता येईन ना?"

"येईल की."

"अब्बाले सांगू नोका आताच," ती म्हणाली. "मीच सांगते." आणि पळाली.

निकालात तिला गणितात चांगले गुण पडले. एका उदाहरणात एक जास्त आला होता. तिथं मी फुली मारली, मारावीच लागली, पण लाल पेन जरा हलका ठेवला.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. सकाळी मूर्तिजापूरला उतरून मी स्कूटरकडे निघालो तर फळांच्या गाडीवर आंबे लागले होते, आणि गाडीपाशी ती उभी. नवा गणवेश, पाठीवर दप्तर, शाळेची वेळ व्हायची होती म्हणून बापाला मदत चालली होती. तिच्या वडिलांनी मला पाहिलं. ते सर्वांत वरचा आंबा उचलून पुसायला लागले.

"एक किलो द्या," मी म्हणालो.

मुलीनंच तोललं. पारडं झुकलं, तिनं झुकू दिलं. पिशवीत ओतलं आणि वर एक आंबा ठेवला. मग माझ्याकडे बघून दुसरा उचलला आणि स्वतःच्या दप्तरात टाकला.

"हे काय?" तिच्या वडिलांनी विचारलं.

"दोनीकडं," ती म्हणाली.

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. "सर, हे तुमी शिकवलं? अशानं तं गाडी बसंन माही."

"बसू द्या," मी म्हणालो. "ती तर बसत नाही ना तिच्यावर."

तोवर ती रस्ता ओलांडून गेलीही होती.